पुराणकथांतून आणि परभाषांतून आलेले इंग्रजी शब्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शब्दाचे मूळ ठाऊक असल्याने शब्दसंग्रह खरोखर वाढतो का, की हा केवळ हौशी लोकांचा छंद आहे?

वाढतो, परंतु मुळाकडून काय अपेक्षा ठेवायची हे आधी ठरवावे लागते. मूळ माहीत असले की शब्द लक्षात राहतो आणि त्याच्या कुळातील इतर शब्द ओळखता येतात. आजचा अर्थ मात्र मुळावरून ठरत नाही, तो वापरावरून ठरतो. ग्रीक भाषेत ‘क्रोनोस’ म्हणजे काळ, एवढे एकदा कळले की क्रॉनिक म्हणजे दीर्घकाळ चाललेला आजार, क्रोनॉलॉजी म्हणजे कालक्रम, सिंक्रोनाइझ म्हणजे एकाच वेळी जुळवून आणणे आणि अनॅक्रोनिझम म्हणजे कालविसंगती हे चार शब्द परस्परांच्या आधाराने मनात टिकतात. ऐतिहासिक चित्रपटातील मावळ्याच्या मनगटावर घड्याळ दिसले तर त्याला अनॅक्रोनिझम म्हणतात, हे मग वेगळे पाठ करावे लागत नाही. बाजारात मिळणाऱ्या पाचशे-हजार मुळांच्या याद्या मात्र सुरुवातीला हातात घेऊ नयेत. कथा आणि उदाहरण यांपासून तोडलेले मूळ हे पाठ करण्याचा आणखी एक अवघड शब्द होऊन बसते.

पुराणकथांमधून आलेल्या शब्दांची सुरुवात कोठून करावी?

ज्या शब्दांची कथा एका वाक्यात सांगता येते आणि ज्यांचा अर्थ कथेतून सरळ निघतो, त्यांच्यापासून करावी. टँटलस नावाच्या राजाने देवांचा अपराध केला, म्हणून त्याला पाताळात अशी शिक्षा मिळाली की तो गळ्यापर्यंत पाण्यात उभा असे, परंतु पिण्यासाठी वाकला की पाणी ओसरत असे, आणि डोक्यावर लोंबणाऱ्या फळांना हात लावू लागला की वाऱ्याने फांद्या दूर जात असत. टँटलाइझ या क्रियापदाचा अर्थ यातूनच आला: हवीहवीशी वस्तू समोर ठेवून ती मिळू न देणे. नुसते ‘मोहात पाडणे’ असे भाषांतर केले की या शब्दातील छळाची छटा हरवते, आणि ती छटा सांभाळण्याचे काम कथा करते.

याच पद्धतीने पॅनिक हा शब्द पॅन या गुराख्यांच्या देवाकडून आला, कारण निर्जन रानात कारण नसताना दाटून येणारी भीती तो निर्माण करतो असे ग्रीक लोक मानत. एको या वनदेवतेला दुसऱ्याचे शेवटचे शब्द उच्चारण्यापलीकडे काही बोलता येत नव्हते, म्हणून प्रतिध्वनीला इको हे नाव मिळाले. तिने ज्याच्यावर प्रेम केले तो नार्सिसस स्वतःच्याच प्रतिबिंबावर भाळला, त्यावरून नार्सिसिझम आला. नेमेसिस ही गर्विष्ठांना त्यांच्या कर्माचे फळ देणारी देवी होती. म्हणूनच एखाद्याचा नेमेसिस म्हणजे कोणताही शत्रू नव्हे, तर ज्याच्या हातून त्याचा पराभव जणू ठरलेलाच आहे असा शत्रू होय. इंग्रजी वर्तमानपत्रांतील क्रीडापानावर हा शब्द ढिसाळपणे वापरलेला दिसतो, ही वेगळी गोष्ट.

वैद्यकाशी संबंधित शब्दांचे तर एक घराणेच आहे. आरोग्याचा देव अ‍ॅस्क्लेपियस याच्या मुलींपैकी हायजिया हिच्यावरून हायजीन आणि पॅनाकिया हिच्यावरून सर्व रोगांवरचा एकच उपाय या अर्थाचा पॅनेशिया हे शब्द आले. निद्रेचा देव हिप्नोस याच्यावरून हिप्नॉसिस हा शब्द बनला आणि स्वप्नांचा देव मॉर्फियस याने मॉर्फिनला नाव दिले. भयाचा देव फोबोस याचे नाव फोबियामध्ये आहे. पॅनेशिया हा शब्द बहुधा नकारार्थी वाक्यात येतो, म्हणजे अमुक योजना ही पॅनेशिया नव्हे असे सांगताना, हेही त्याच वेळी टिपून ठेवावे.

अकिलीस हील, ट्रोजन हॉर्स, पँडोराज बॉक्स असे शब्दप्रयोग कथा न जाणता वापरता येत नाहीत का?

वापरता येतात, पण चुकीच्या जागी वापरले जाण्याची शक्यता फार असते. अकिलीस हील म्हणजे कोणताही दोष नव्हे. ग्रीक वीर अकिलीस टाच सोडून सर्वांगाने अभेद्य होता, म्हणून एरवी अभेद्य असलेल्या माणसातील किंवा संस्थेतील एकमेव घातक दुर्बलता म्हणजे अकिलीस हील. मुळात दुबळ्या असलेल्या संघाला अकिलीस हील असू शकत नाही. महाभारतातील दुर्योधनाची मांडी आठवली की हा अर्थ मराठी वाचकाला लगेच उमगतो. ट्रॉय नगराने भेट समजून आत घेतलेल्या लाकडी घोड्यात ग्रीक सैनिक लपले होते, म्हणून ट्रोजन हॉर्स म्हणजे भेट म्हणून स्वेच्छेने आत घेतलेले संकट, आणि संगणकातील ट्रोजनला हे नाव का मिळाले हेही त्यावरून कळते, कारण वापरकर्ता तो प्रोग्राम उपयुक्त समजून स्वतःच्या हाताने उघडतो.

पँडोराची पेटी मात्र मुळात पेटी नव्हतीच. हेसिअड या ग्रीक कवीने धान्य किंवा तेल साठवण्याच्या मोठ्या रांजणाचा उल्लेख केला होता. सोळाव्या शतकात इरॅस्मस या डच विद्वानाने लॅटिनमध्ये कथा सांगताना त्या शब्दाऐवजी पेटी या अर्थाचा दुसरा शब्द घेतला आणि पुढे सर्व युरोपीय भाषांत पेटीच रूढ झाली. मूळ कथेत सर्व आपत्ती बाहेर पडल्यावर तळाशी आशा उरते. इंग्रजी शब्दप्रयोगात ती आशा जवळजवळ विसरली गेली असून एकदा सुरू झाले की आवरता न येणारे अनर्थ एवढाच अर्थ राहिला आहे.

एकाच देवाला दोन-दोन नावे का दिसतात?

रोमन लोकांनी आपल्या देवांची ग्रीक देवांशी सांगड घातली, म्हणून झ्यूस आणि ज्युपिटर, आरेस आणि मार्स, हेफेस्टस आणि व्हल्कन, डिमीटर आणि सिरीस अशा जोड्या तयार झाल्या. इंग्रजीत यांपैकी बहुधा रोमन नावांवरून शब्द आले आहेत: व्हल्कनवरून व्होल्कॅनो आणि धान्याची देवी सिरीस हिच्यावरून सीरियल. ज्यूनो मोनेटा या देवीच्या रोममधील मंदिरापाशी टांकसाळ होती, म्हणून मनी आणि मिंट हे दोन्ही शब्द तिच्या नावातून निघाले.

इंग्रजी वारांची नावे आणि आपल्या वारांची नावे यांचा क्रम सारखाच कसा?

हा प्रश्न पुष्कळ जणांना पडतो आणि त्याचे उत्तर सविस्तर देण्याजोगे आहे. दोन्ही नामावळ्या एकाच ग्रहगणितातून निघालेल्या आहेत. प्राचीन ज्योतिषात सात ग्रह त्यांच्या गतीनुसार, म्हणजे सर्वांत मंद ग्रहापासून सर्वांत वेगवान ग्रहापर्यंत, शनी, गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध आणि चंद्र असे मांडले जात, आणि दिवसाच्या प्रत्येक तासावर क्रमाने एकेका ग्रहाचा अंमल मानला जात असे. ज्या ग्रहाचा पहिला तास, त्याचा तो दिवस. पहिला तास शनीचा धरला तर आठवा, पंधरावा आणि बाविसावा तासही शनीचाच येतो, तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा आणि दुसऱ्या दिवसाचा पहिला तास सूर्याचा. म्हणून शनिवारानंतर रविवार येतो. हीच गणना पुढे चालवली की सोमवार, मंगळवार, बुधवार असा आपला परिचित क्रम आपोआप मिळतो. आपल्याकडे या तासाला होरा म्हणतात. होरा हा शब्द ग्रीक भाषेतून संस्कृतात आलेला आहे आणि इंग्रजीतील अवर हाही त्याच ग्रीक शब्दातून लॅटिन व फ्रेंच मार्गे आलेला आहे.

रोमन लोकांकडून हा आठवडा इंग्रजी-जर्मन भाषिकांचे पूर्वज असलेल्या जर्मानिक टोळ्यांकडे गेला, तेव्हा त्यांनी रोमन देवांच्या जागी आपले देव बसवले. युद्धदेव मार्सच्या जागी टिऊ आला आणि ट्यूजडे झाला. मर्क्युरीच्या जागी वोडन, म्हणून वेन्सडे. वज्रधारी ज्युपिटरच्या जागी गडगडाटाचा देव थॉर, म्हणून थर्सडे. आणि व्हीनसच्या जागी फ्रिग, म्हणून फ्रायडे. शनीच्या तोडीचा देव त्यांना सापडला नसावा, कारण सॅटर्डेमध्ये रोमन सॅटर्न तसाच राहिला. वेन्सडेच्या स्पेलिंगमधील न उच्चारला जाणारा डी हा या वोडनचाच अवशेष आहे, हे लक्षात ठेवले की स्पेलिंग चुकत नाही.

याच ज्योतिषातून स्वभाववाचक विशेषणेही आली. मार्शल म्हणजे युद्धविषयक, जोव्हियल म्हणजे गुरूच्या प्रभावाखालचा आनंदी माणूस, मर्क्युरियल म्हणजे बुधासारखा चंचल आणि सॅटर्नाइन म्हणजे शनीसारखा गंभीर, उदास. पत्रिका पाहणाऱ्या घरात वाढलेल्या मराठी वाचकाला ही विशेषणे शिकवावीच लागत नाहीत. डिझॅस्टर या शब्दाचे मूळही ‘वाईट तारा’ असेच आहे, आणि इन्फ्लुएंझा म्हणजे इटालियन भाषेत प्रभाव, कारण साथीचे रोग ताऱ्यांच्या प्रभावामुळे येतात अशी समजूत होती.

सप्टेंबर हा नववा महिना असूनही त्यात ‘सप्त’ का ऐकू येते?

प्राचीन रोमन वर्ष मार्चपासून सुरू होत असे. त्या हिशेबाने सप्टेंबर सातवा, ऑक्टोबर आठवा, नोव्हेंबर नववा आणि डिसेंबर दहावा. लॅटिन सेप्टेम, ऑक्टो, नोवेम, डेकेम ही संख्यानामे आपल्या सप्त, अष्ट, नव, दश यांची नातलग आहेत. वर्षारंभ जानेवारीत गेला तरी महिन्यांची नावे बदलली नाहीत.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना पुराणकथांचा काही उपयोग होतो का?

मूलद्रव्यांच्या बाबतीत निश्चित होतो. क्लाप्रोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७८९ मध्ये युरेनियमला नाव दिले ते हर्शेल यांनी १७८१ मध्ये शोधलेल्या युरेनस ग्रहावरून, आणि युरेनस हा ग्रीक कथांतील आकाशदेव. क्लाप्रोट यानेच पुढे युरेनसच्या अपत्यांवरून, म्हणजे टायटन्सवरून, टायटॅनियम हे नाव ठेवले. स्वीडनच्या एकेबर्ग यांना १८०२ मध्ये सापडलेल्या धातूचे ऑक्साइड आम्लात बुडवूनही आम्ल शोषून घेत नव्हते, म्हणून पाण्यात उभे राहूनही तहानलेल्या टँटलसवरून त्याचे नाव टँटलम पडले. १८४४ मध्ये त्याच्या बरोबरीने सापडणाऱ्या मूलद्रव्याला टँटलसच्या मुलीचे, नायोबीचे, नाव देऊन नायोबियम म्हटले गेले. हे दोन धातू खनिजांत एकत्र आढळतात, ही वस्तुस्थिती बाप-लेकीच्या नात्यामुळे कायमची लक्षात राहते. थॉरवरून थोरियम आले. सूर्यदेव हेलिओसवरून आलेल्या हेलियमच्या कथेत भारतही आहे, कारण १८ ऑगस्ट १८६८ रोजीचे खग्रास सूर्यग्रहण फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ झान्सेन यांनी गुंटूर येथून पाहिले होते, आणि सूर्याच्या वर्णपटातील ज्या पिवळ्या रेषेवरून हे मूलद्रव्य ओळखले गेले तिच्या अभ्यासाला त्या वर्षी चालना मिळाली.

इंग्रजी भाषा संस्कृतातून निघाली आहे, असे वाचनात येते. ते खरे आहे का?

खरे नाही. संस्कृत आणि इंग्रजी यांचे नाते आई-मुलीचे नसून एकाच पूर्वज भाषेच्या दूरच्या शाखांचे आहे. सर विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीतील व्याख्यानात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे साम्य इतके सखोल आहे की त्या एकाच मूळ स्रोतातून निघाल्या असाव्यात, आणि तो स्रोत कदाचित आता अस्तित्वात नसेल, असे मत मांडले होते. पुढील शतकात भाषाशास्त्रज्ञांनी हे साम्य नियमबद्ध करून दाखवले.

नॅव्हिगेशन हा शब्द ‘नौगती’पासून आला, हा समाजमाध्यमांवरील लोकप्रिय दावा या संदर्भात तपासून पाहण्यासारखा आहे. नॅव्हिगेशन लॅटिनमधून आला; त्यातील ‘नाविस’ म्हणजे जहाज आणि उरलेला भाग ‘हाकणे, चालवणे’ या अर्थाच्या क्रियापदाचा. लॅटिन ‘नाविस’ आणि संस्कृत ‘नौ’ हे खरोखर नातलग आहेत, परंतु ‘गती’चा तेथे काही संबंध नाही. आवाज जुळतो म्हणून नाते जोडण्याच्या सवयीला फारसीतील ‘बद’ हा शब्द उत्तम उतारा आहे. बदनाम, बदसूरत यांतील ‘बद’ आणि इंग्रजीतील बॅड यांचा उच्चार जवळचा, अर्थ तोच, तरीही त्या दोघांचा परस्परांशी काहीही संबंध नाही.

मग मराठी माणसाला आपल्या तत्सम शब्दांचा इंग्रजी शिकताना उपयोग करून घेता येतो का?

येतो, आणि या संपूर्ण विषयातील सर्वांत दुर्लक्षित लाभ तोच आहे. मराठीत रोजच्या बोलण्यासाठी तद्भव शब्द आणि औपचारिक, शास्त्रीय लेखनासाठी तत्सम शब्द असे दोन थर आहेत. आपला दात दुखतो, पण आपण जातो दंतवैद्याकडे. आपण पायाने चालतो, पण रस्त्यावर असतो तो पादचारी मार्ग. इंग्रजीची रचना नेमकी अशीच आहे. घरगुती थर जर्मानिक आहे आणि औपचारिक थर लॅटिन-ग्रीक आहे: टूथ दुखतो आणि माणूस डेंटिस्टकडे जातो, फूटने चालणारा रस्त्यावर पेडेस्ट्रियन होतो.

आता गंमत अशी की इंग्रजीचा हा औपचारिक थर आपल्या तत्सम शब्दांना त्याच्या घरगुती थरापेक्षा अधिक जवळचा वाटतो. त्याचे कारण जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये नियमरूपाने मांडले. जर्मानिक भाषांत मूळच्या ‘प’चा ‘फ’ झाला, ‘द’चा ‘ट’ झाला, ‘ग’चा ‘क’ झाला. संस्कृत व लॅटिनमध्ये हे बदल झाले नाहीत. म्हणून पितृ आणि पॅटर्नल जवळ दिसतात, पण फादर दूर गेल्यासारखा वाटतो; दश आणि डेसिमल शेजारी, टेन लांब; द्वि आणि ड्युअल शेजारी, टू लांब. स्पेलिंगमध्ये लिहिलेला पण न उच्चारला जाणारा के असलेला ‘नी’, म्हणजे गुडघा, हा जानु शब्दाचा जर्मानिक भाऊ आहे, आणि गुडघा टेकवून वंदन करणे या अर्थाच्या जेन्युफ्लेक्टमध्ये त्याचे लॅटिन रूप आहे.

या पद्धतीने अग्नी आणि इग्निशन, वाचा आणि व्होकल, नव आणि नॉव्हेल्टी, मृत आणि मॉर्टल, सर्प आणि सर्पंट, जन आणि जेनेटिक, मध्य आणि मीडियम अशा जोड्या जुळवता येतात. यांतील माझी आवडती जोडी गुरु आणि ग्रॅव्हिटी ही आहे. गुरु या संस्कृत विशेषणाचा मूळ अर्थ जड, वजनदार असा असून लॅटिन ‘ग्राविस’ हा त्याचा नातलग आहे. म्हणूनच आपल्या गुरुत्वाकर्षणात गुरु आहे आणि इंग्रजीच्या ग्रॅव्हिटीत त्याचा लॅटिन भाऊ. पुढे इंग्रजीने गुरु हा शब्द आपल्याकडूनही स्वतंत्रपणे उसना घेतला, त्यामुळे आज त्या भाषेत दोन्ही एकत्र नांदतात.

भारतीय भाषांतून इंग्रजीत गेलेले शब्द आपल्याला आयतेच येतात. ते वेगळे का शिकावे?

कारण ते तिकडे जाऊन बदलले आहेत आणि ओळखीचा शब्द समजून आपण त्यांचा अर्थ चुकतो. जगरनॉट हा पुरीच्या जगन्नाथाच्या रथावरून आला. रथाखाली भक्त स्वतःला झोकून देतात अशा अतिरंजित वर्णनांमुळे युरोपात त्याला वाटेतील सर्व काही चिरडत जाणारी, कोणालाही न थांबवता येणारी शक्ती असा अर्थ चिकटला, आणि ब्रिटनमध्ये तर अवजड मालमोटारीलाही हे नाव आहे. त्यात भक्तिभाव उरलेला नाही. पंडित या शब्दावरून आलेला पंडिट आज दूरचित्रवाणीवर मत देणाऱ्या राजकीय किंवा क्रीडा भाष्यकारासाठी वापरला जातो, आणि त्यात किंचित उपहासही असू शकतो. मुघलवरून आलेला मोगल म्हणजे चित्रपट किंवा वृत्तपत्र व्यवसायातील बडे प्रस्थ. जंगल या शब्दाने तर आपल्याच देशात असताना अर्थ बदलला होता: संस्कृतात जांगल म्हणजे कोरडा, विरळ झाडांचा प्रदेश, आणि आयुर्वेदात तो अर्थ अजून टिकून आहे, इंग्रजीतील जंगल मात्र घनदाट आणि दमट असते.

शॅम्पू हा हिंदीतील चाँपना, म्हणजे दाबणे, चेपणे, या क्रियापदावरून आला आणि सुरुवातीला त्याचा अर्थ मालिश एवढाच होता. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रायटन येथे बाष्पस्नान आणि मालिश यांचे केंद्र चालवले, चौथ्या जॉर्ज राजाचीही सेवा केली, आणि त्यामुळे हा शब्द ब्रिटनमध्ये पसरला. केस धुणे हा अर्थ त्यानंतरचा.

खास मराठीतून इंग्रजीत गेलेला शब्द कोणता?

बहुतेक इंग्रजी कोश मंगूस या शब्दाचे मूळ मराठी ‘मुंगूस’ असेच देतात. त्याचा गूस या पक्ष्याशी संबंध नसल्यामुळे अनेकवचन मंगूसेस असे होते, मंगीस असे नव्हे. स्पर्धा परीक्षांत याच ठिकाणी विद्यार्थी अडखळतात. जाड्याभरड्या सुती कापडासाठीचा डंगरी हा शब्दही मुंबईच्या डोंगरी भागाशी जोडला जातो.

अरबी भाषेचा इंग्रजीशी काय संबंध?

गणित, रसायन आणि खाद्यपदार्थ या तिन्ही दारांनी अरबी शब्द युरोपात आले, आणि त्यांपैकी काहींची सुरुवात भारतात झालेली होती. शर्करेपासून मराठीत साखर झाली. तीच शर्करा फारसी, अरबी, लॅटिन आणि फ्रेंच असा प्रवास करून इंग्रजीत शुगर झाली. शून्याचे अरबी भाषांतर सिफ्र, त्यातून एका बाजूने सायफर आणि दुसऱ्या बाजूने इटालियन मार्गे झिरो आला. नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल-ख्वारिझ्मी याच्या नावावरून अल्गोरिदम, तर त्याच्या ग्रंथाच्या शीर्षकातील ‘अल-जब्र’वरून अल्जिब्रा रूढ झाला.

या सर्वांत सुरस हकीकत त्रिकोणमितीतील साइनची आहे. भारतीय गणितज्ञ या राशीला ज्या किंवा जीवा म्हणत. दोन्हींचा अर्थ धनुष्याची दोरी. अरबी विद्वानांनी जीवा हा शब्द भाषांतर न करता जीबा असा उच्चारासह उचलला. अरबी लिपीत ऱ्हस्व स्वर लिहिले जात नाहीत आणि जीबा या शब्दाला अरबीत स्वतःचा अर्थ नव्हता, त्यामुळे पुढच्या वाचकांनी ती अक्षरे जैब अशी वाचली. जैब म्हणजे वस्त्राची छातीवरील घडी. हिंदीतील जेब हा त्याचाच वंशज. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी ‘घडी, खोलगट वळण’ या अर्थाचा सायनस हा लॅटिन शब्द त्याच्यासाठी योजला आणि त्याचे इंग्रजी रूप साइन झाले. सर्दीत दुखणारे नाकाजवळचे सायनस हाच लॅटिन शब्द आहे, कारण त्याही पोकळ्याच. आपल्या शालेय भूमितीत वर्तुळाच्या जीवेला आजही जीवाच म्हणतात.

मूळ अर्थ आणि आजचा अर्थ परस्परविरोधी असतील तर कोणता धरावा?

आजचा. नाइस हा शब्द ‘अज्ञानी’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला आणि सिली या शब्दाचा जुना अर्थ ‘धन्य, सुखी’ असा होता. तेवढ्यावरून आज कोणी कोणाला सिली म्हणून आशीर्वाद देऊ शकत नाही.

समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या व्युत्पत्ती कशा ओळखाव्यात?

आद्याक्षरे जुळवून तयार झालेली प्रत्येक जुनी व्युत्पत्ती खोटी समजून चालावे. क्वचितच फसगत होईल. न्यूज म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ नव्हे. तो केवळ ‘नवीन’चा विस्तार आहे. पॉश या शब्दाबद्दलची कथा मुंबईशी जोडलेली असल्याने आपल्याकडे अधिक विश्वासाने सांगितली जाते: इंग्लंडहून हिंदुस्थानात येताना डावीकडची आणि परतताना उजवीकडची, म्हणजे सावलीची, केबिन घेणाऱ्या श्रीमंतांच्या तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या शब्दांच्या चार आद्याक्षरांचा शिक्का असे म्हणे. असे एकही तिकीट कधी सापडलेले नाही.

कांगारू म्हणजे ‘मला ठाऊक नाही’, ही कथाही अशीच निराधार आहे. ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुक यांच्या जहाजावरील लोकांनी १७७० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर गुगू यिमिधिर भाषेतील ‘गंगुरू’ हा एका मोठ्या जातीच्या कांगारूसाठीचा शब्द नोंदवला होता, आणि विसाव्या शतकात त्या भाषेच्या अभ्यासकांनी तो शब्द पुन्हा पडताळून पाहिला. व्युत्पत्ती जितकी चटकदार, तितकी ती कोशात पाहून घेण्याची गरज अधिक.

मूळ भाषा ओळखली तर स्पेलिंग आणि उच्चार सुधारतात का?

पुष्कळ प्रमाणात सुधारतात. सी-एच या अक्षरजोडीचा उच्चार चिन, चाइल्ड अशा अस्सल इंग्रजी शब्दांत ‘च’, कोरस, कॅरेक्टर अशा ग्रीक शब्दांत ‘क’ आणि शेफ, मशीन अशा फ्रेंच शब्दांत ‘श’ होतो. पी-एच लिहून ‘फ’ म्हणायचे ते ग्रीक शब्द, आणि सायकॉलॉजी किंवा न्यूमोनिया यांच्या आरंभीचा मूक पी हीही ग्रीक खूण. बॅले, डेपो यांच्या शेवटी लिहिलेला टी उच्चारायचा नाही, कारण ते फ्रेंचमधून आले आहेत. अनेकवचनांतही हाच धागा कामी येतो: क्रायटेरियन एक आणि क्रायटेरिया अनेक, फिनॉमिनन एक आणि फिनॉमिना अनेक. ‘ए क्रायटेरिया’ असे लिहिणारे आपल्याकडे कितीतरी आहेत.

टिपणवही कशी ठेवावी?

वर्णानुक्रमे ठेवू नये. कथेनुसार किंवा मुळानुसार ठेवावी, म्हणजे एका पानावर टँटलस, त्याच्याखाली टँटलाइझ आणि टँटलम, शेजारी नायोबियम. प्रत्येक शब्दापुढे मूळ एका ओळीत, आजचा अर्थ एका ओळीत आणि स्वतः रचलेले एक वाक्य लिहावे. वाक्य रचता येत नसेल तर तो शब्द अजून आलेला नाही असे समजावे. दिवसाला पाच-सहा शब्दांपेक्षा अधिक घेण्यात अर्थ नाही, आणि वाचनात न भेटणारे दुर्मीळ शब्द, उदाहरणार्थ प्रोक्रस्टियन, परीक्षेची गरज नसल्यास खुशाल पुढे ढकलावेत.

कोणते कोश वापरावेत?

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी हा १८८४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध होत १९२८ मध्ये पूर्ण झालेला कोश प्रत्येक अर्थाचे कालक्रमाने पुरावे देतो, म्हणून वादाच्या प्रसंगी तोच प्रमाण मानला जातो. बऱ्याच ग्रंथालयांच्या सभासदत्वात तो जालावर पाहता येतो. रोजच्या वापरासाठी डग्लस हार्पर यांचा विनामूल्य ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी पुरेसा आहे. मराठी बाजू तपासायची असेल तर मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश, विशेषतः १८५७ ची दुसरी आवृत्ती, शब्द संस्कृत, फारसी, अरबी यांपैकी कोठून आला ते संक्षेपचिन्हांनी सांगतो आणि शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो उपलब्ध आहे. कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ मधील ‘मराठी व्युत्पत्ति कोश’ हाताशी असल्यास उत्तम.

कोशात ‘मूळ अज्ञात’ असे लिहिलेले आढळल्यास काय करावे?

तसेच मान्य करावे आणि शब्द वापरातून शिकावा. डॉग हा इंग्रजीतील अगदी साधा शब्द आहे, तरी त्याचे मूळ निश्चित झालेले नाही. त्याने ज्याची जागा घेतली त्या हाउंडचे मात्र संस्कृत श्वन् शब्दाशी असलेले नाते सिद्ध झालेले आहे.